गाणं वाजलं, बंदर हादरलं!

दोस्तांनो, रेडिओवर गाणं लागलं की तुम्ही काय करता? आवडीचं असलं तर आवाज मोठा करता, नावडतं असलं तर स्टेशन बदलता. बरोबर ना?

पण एक गाणं असं होतं, की ते ऐकून काही मुलं चक्क सुरी आणि सुरुंग घेऊन नदीत उतरली!

ही गोष्ट १९७१ सालच्या ऑगस्ट महिन्यातली. कलकत्त्याच्या आकाशवाणी केंद्रावरून पंकज मलिक यांच्या आवाजातलं एक बंगाली गाणं लागलं. हजारो घरांत ते ऐकलं गेलं असेल. कुणी चहा पिता पिता ऐकलं असेल, कुणी दाढी करता करता. पण सीमेच्या पलीकडे, शत्रूच्या पहाऱ्यात, चार वेगवेगळ्या ठिकाणी चार जण छोट्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते. त्यांच्यासाठी ते गाणं नव्हतंच. तो हुकूम होता, "तयार राहा. दुसरं गाणं लागलं की हल्ला!"

कोण होते हे चौघे? आणि कशावर हल्ला करणार होते? चला, सुरुवातीपासून पाहू या.

एक देश, दोन तुकडे

आधी नकाशा उघडा. १९४७ साली पाकिस्तान झाला तो दोन तुकड्यांत. पश्चिमेकडे आजचा पाकिस्तान आणि पूर्वेकडे पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश. मध्ये आपला भारत, दीड हजार किलोमीटरहून जास्त रुंदीचा! पूर्वेकडच्या लोकांची भाषा बंगाली. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत त्यांचे नेते शेख मुजीबुर रहमान यांचा पक्ष जिंकला, पण राज्य काही त्यांच्या हाती दिलं गेलं नाही. उलट २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्य ढाक्याच्या रस्त्यांवर उतरलं. विद्यापीठातले विद्यार्थी, शिक्षक, पोलीस, साधी माणसं, कुणाचीच गय झाली नाही. जीव वाचवायला लोक भारताकडे पळत सुटले. त्या वर्षात सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या देशात आले. एक कोटी म्हणजे किती, हे एकदा आकड्यात लिहून पाहा. शून्यं मोजताना तुमचं बोट थांबेल.

तिथल्या तरुणांनी मुक्तिवाहिनी नावाची सेना उभारली. पण समोर तोफा, रणगाडे आणि शिकलेलं सैन्य. त्याला थोपवायचं कसं?

आता जरा डोकं चालवा. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला दारूगोळा कुठून येणार? भारतावरून विमानं न्यायला फेब्रुवारीपासूनच बंदी होती. ती श्रीलंकेला वळसा घालून जायची. जड सामान मात्र जहाजानंच जाणार. म्हणजे मोठी बंदरं दोन, कर्णफुली नदीवरचं चितगाव आणि पशुर नदीवरचं मोंगला. तिथून पुढे आत सामान न्यायचं तर नदीतूनच, चांदपूर आणि नारायणगंज अशा बंदरांत. कारण हा सगळा मुलूखच नद्यांचा. रस्ते कमी, पाणी जास्त. ही चार बंदरं म्हणजे सैन्याचा गळाच. तो आवळला की झालं!

पण आवळायचा कुणी?

पाणबुडीवरून पळालेले आठ जण

इथं गोष्ट एकदम फ्रान्सला जाते. तिथं तुलाँ या बंदरात पाकिस्तानची 'मांग्रो' नावाची नवी कोरी पाणबुडी उभी होती. तिच्यावरच्या खलाशांत काही बंगाली होते. ढाक्यात काय झालं, हे त्यांनी रेडिओवर ऐकलं. आपल्याच घरादारावर आपलंच सैन्य चालून गेलंय, आणि आपण त्याच सैन्याचा गणवेश घालून बसलोय! तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?

त्यांनी गुपचूप बेत केला. मार्च संपता संपता ते पाणबुडी सोडून निघाले. पकडले गेले असते तर काय शिक्षा झाली असती ते सांगायला नको. फ्रान्समधून स्पेन, तिथं माद्रिदच्या भारतीय वकिलातीत आसरा, मग विमानानं मुंबई आणि पुढे दिल्ली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असे आठ जण भारतात पोचले. त्यांच्यातलं एक नाव लक्षात ठेवा, अब्दुल वाहेद चौधुरी. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

हे आठ जण आले आणि आपल्या नौदलात एक कल्पना सुचली. बांगला देशात जो जन्मला तो पोहायला शिकलाच म्हणून समजा. मग अशाच मुलांना पाण्याखालून लढायला शिकवलं तर? नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी होकार दिला. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं, आणि प्रत्यक्ष मोहिमेची जबाबदारी आली कमांडर मोहन नारायण सामंत यांच्यावर. सामंत हे आडनाव आपल्याकडे कोकणात घरोघरी ऐकू येतं, नाही का? हे सामंत स्वतः पाणबुडीवाले. 'करंज' या पाणबुडीचे ते पहिले कप्तान. तिचं नावही आपल्या उरणजवळच्या करंजा बेटावरून ठेवलेलं!

पळसाच्या गावची शाळा

शाळा भरली ती पलाशीला. इतिहासाच्या पुस्तकातली १७५७ ची प्लासीची लढाई आठवली का? तेच हे गाव. पलाश म्हणजे आपला पळस. गावाजवळून भागीरथी नदी वाहते. तिच्या काठी मे महिन्यात तंबू ठोकले गेले. निर्वासितांच्या आणि मुक्तिवाहिनीच्या छावण्यांतून मुलं निवडली. त्यातली कितीतरी शाळा-कॉलेजात शिकणारी, काही शेतकऱ्यांची. कुणाचं घर जळलेलं, कुणाच्या घरच्यांचा पत्ताच नाही.

तुमच्या शाळेच्या वेळापत्रकाबद्दल तुमची तक्रार असते ना? मग हे वेळापत्रक ऐका. पहाटे उठून धावणं. मग नदीत पोहणं. दुपारी सुरुंग हाताळायला शिकणं. पुन्हा पोहणं. रात्री अंधारात परत पोहणं! तेही साधं नाही, तर पोटाशी दोन विटा बांधून, प्रवाहाशी झगडत, तासन्‌तास. पायाला बदकासारखे रबरी पंजे. पाण्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. उताणं पोहायचं आणि फक्त नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवायचं. पहारेकऱ्याला वाटलं पाहिजे, की काहीतरी वाहत चाललंय.

विटा का बांधायच्या? कारण खऱ्या वेळी विटांच्या जागी सुरुंग असणार होता, पाच किलोच्या आसपास वजनाचा.

आणखी एक गोष्ट. भरती होताना प्रत्येकाला एका कागदावर सही करावी लागे. देशासाठी मी आपखुशीनं जीव द्यायला तयार आहे, मला काही झालं तर कुणाला जबाबदार धरू नये, अशा अर्थाचा तो कागद होता. सही करणाऱ्यांत तुमच्या दादा-ताईच्या वयाची मुलं होती. वाचताना हे वाक्य जरा थांबून वाचा, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चिकटणारा सुरुंग

कोकणच्या किनाऱ्यावर गेलात तर खडकांना घट्ट चिकटलेले टोपीसारखे शंख दिसतात. हातानं ओढले तरी सुटत नाहीत. इंग्रजीत त्यांना लिम्पेट म्हणतात. जहाजाला चिकटणाऱ्या सुरुंगाचं नावही तेच. त्याला लोहचुंबक बसवलेलं असतं. जहाजाच्या पोलादी बुडाला लावला, की चटकन बसतो. पण जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर असतो ना? म्हणून सोबत सुरी. बुडी मारायची, दम धरून थर खरवडायचा आणि मग सुरुंग लावायचा.

आता गंमत बघा. सुरुंग लावल्यावर तो लगेच फुटला तर लावणाराच जाईल. म्हणून त्यात पाण्यात हळूहळू विरघळणारी एक वडी असते. ती विरघळली की चाप सुटतो. पण अडचण अशी, की पोहणारा नदीत उतरल्याबरोबर वडी भिजायला लागणार! आणि जहाजापर्यंत पोचायलाच उशीर झाला तर? सुरुंग त्याच्या छातीवरच फुटायचा.

यावर उपाय सापडला तो अगदी साधा. त्या भागावर पातळ रबराचं आवरण चढवायचं. जहाजाशी पोचल्यावर ते काढून टाकायचं. मोठ्या मोहिमा पुष्कळदा अशा चिमूटभर युक्तीवर तरतात.

गाण्याचीच निवड का?

ऑगस्टच्या सुरुवातीला मुलं सीमा ओलांडून निघाली. चितगावला साठ, मोंगलाला साठ, चांदपूर आणि नारायणगंजला वीस-वीसच्या आसपास. चितगावच्या तुकडीचे पुढारी होते आपले चौधुरी. मोंगलाच्या तुकडीचे अहसानउल्ला आणि चांदपूरच्या तुकडीचे बदिउल आलम, हे दोघंही 'मांग्रो'वरून पळालेले. नारायणगंजची तुकडी अब्दुर रहमान यांच्याकडे. चिखल, पाऊस, नाले तुडवत, कधी चालत, कधी होडीनं. वाटेत गावकऱ्यांनी त्यांना घरात घेतलं, जेवू घातलं, वाटा दाखवल्या. सापडले असते तर त्या घरातल्या माणसांचीही खैर नव्हती. त्या बायाबापड्यांना कुणी पदकं दिली नाहीत. पण त्यांच्याशिवाय एकही सुरुंग बंदरापर्यंत पोचला नसता.

चारही ठिकाणी हल्ला एकाच रात्री व्हायला हवा होता. एका ठिकाणी आधी झाला असता तर बाकीची बंदरं सावध झाली असती. मग शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या तुकड्यांना एकाच वेळी खबर द्यायची कशी? वायरलेसवर बोललं तर शत्रू ऐकणार. चिठ्ठी पाठवली तर पकडली जाणार. पण गाण्याला कोण अडवणार? ट्रान्झिस्टर तर पुष्कळांकडे होते. म्हणून दोन गाणी ठरली. पहिलं पंकज मलिकांचं, म्हणजे तयारीला लागा. दुसरं एका बाहुलीला सासरी पाठवण्याचं, म्हणजे काहीही होवो, हल्ला करा! गाण्यांचा अर्थ फक्त तुकडीच्या पुढाऱ्याला ठाऊक. बाकीच्यांना तो सांगितलेलाच नव्हता. जो जाणतच नाही, तो पकडला गेला तरी काय सांगणार?

पहिलं गाणं १३ ऑगस्टला लागलं. मग दुसरंही लागलं. बाहुली सासरी निघाली!

१५ ऑगस्टची रात्र

दिवसभर आपल्याकडे स्वातंत्र्यदिनाचे झेंडे फडकले होते. त्या रात्री चितगावला कर्णफुलीच्या दक्षिण काठावर काळोखात मुलं जमली. कृष्ण पक्ष होता, जन्माष्टमी नुकतीच होऊन गेलेली. म्हणजे चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावर उगवणार. हे सगळं हिशेबातच धरलेलं होतं. भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा.

पण सगळं ठरल्यासारखं कुठं होतं? साठातली एक वीस जणांची तुकडी वाटेतच अडकली, वेळेवर पोचलीच नाही. उरले चाळीस. त्यातलेही नऊ जण पाण्यात उतरू शकले नाहीत. चौधुरींपुढे प्रश्न उभा राहिला. थांबावं की जावं? थांबलं तर बाकीच्या तीन बंदरांत स्फोट होणार आणि चितगाव कायमचं सावध होणार. त्यांनी ठरवलं, जायचं. आहेत तेवढ्यांनिशी.

एकतीस जण नदीत उतरले.

समोर बंदराचे दिवे झगमगत होते. धक्क्यावर पहारा. छातीशी गमछानं बांधलेला सुरुंग, कमरेला सुरी, पायात पंजे. एकेका जहाजावर तिघं, एक पुढच्या टोकाला, एक मध्ये, एक मागे. जहाजाच्या सावलीत पोचायचं. बुडी. खरवड. आवरण काढ. चुंबक लाव. आणि परत फिरताना घाई करायची नाही, कारण घाई केली की पाणी वाजतं. तेच सगळ्यांत अवघड असणार, नाही का? पाठीमागे पाच किलोचा काळ टिकटिकतोय, आणि आपण मात्र सावकाश पोहायचं!

मध्यरात्र उलटून दीड-पावणेदोनच्या सुमाराला पहिला स्फोट झाला. मग दुसरा. मग एकामागून एक. सारं बंदर जागं झालं. भोंगे वाजू लागले, सैनिक अंधारात कुठेही गोळ्या झाडू लागले. दारूगोळा आणि सामान घेऊन आलेली 'अल अब्बास' आणि 'होर्मुझ' ही मोठी जहाजं धक्क्यालाच बुडाली. त्यांच्याबरोबर एक मोठा पडावही गेला.

त्याच रात्री मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजलाही स्फोट झाले. मोंगल्याला तर सुंदरबनाच्या जंगलातून वाट काढत जावं लागलं होतं. तिथं परदेशी जहाजांनाही तडाखा बसला.

सकाळी पाकिस्तानी अधिकारी चक्रावून गेले. आकाशात विमान नाही, समुद्रात युद्धनौका नाही, मग केलं कुणी? ज्यांना ते अडाणी बंडखोर समजत होते, ती मुलं असं काही करू शकतील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एका रात्रीचा परिणाम

पुढचे तीन महिने असेच छापे चालू राहिले. परदेशी जहाजांच्या कंपन्या त्या बंदरांत यायला कचरू लागल्या. विम्याचे दर वाढले. सैन्याचा बराचसा भाग बंदरं आणि नद्या राखण्यात अडकून पडला. आणि जगाला कळलं, की पूर्व पाकिस्तानात सगळं शांत आहे असं जे सांगितलं जातंय ते खरं नाही. सुरुंगाचं वजन पाच किलो, पण दणका केवढा!

३ डिसेंबरला भारत-पाकिस्तान युद्ध उघडपणे पेटलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. बांगलादेश स्वतंत्र झाला.

आता दुसरी बाजूही ऐका

इथं गोष्ट संपवली असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही.

१० डिसेंबर १९७१. कमांडर सामंत तीन छोट्या नौका घेऊन शत्रूच्या मुलुखात नदीतून खूप आत, खुलन्याच्या दिशेनं निघाले होते. आपली 'पनवेल' (हो, आपल्या पनवेलच्याच नावाची!) आणि मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' व 'पलाश'. आपल्या विमानांना ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या वरच्या भागाला पिवळा रंगही दिला होता. तरी घात झाला. भारतीय विमानांनी त्यांना शत्रूच्या नौका समजून बाँब टाकले. 'पद्मा' आणि 'पलाश' पेटल्या. आपल्याच माणसांच्या हातून आपली माणसं गेली.

'पलाश'च्या इंजिनाजवळ होते रुहुल अमीन. नौका सोडून द्यायला ते तयार नव्हते. शेवटी जखमी होऊन त्यांनी काठ गाठला, तर तिथं शत्रूच्या हस्तकांनी त्यांना ठार केलं. बांगलादेशानं त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा आपला सर्वोच्च शौर्य किताब दिला. 'पद्मा'वर होते आपल्या नौदलाचे चिमन सिंग. स्वतः जखमी असताना त्यांनी गोळीबारातून साथीदारांना काठाला लावलं आणि स्वतः मात्र शत्रूच्या हाती सापडले. शरणागतीनंतर ते सुटले. सामंतांनी 'पनवेल'वर वाचलेल्यांना उचलून घेतलं आणि मोहीम पुढे चालूच ठेवली. सामंत आणि चिमन सिंग, दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

एवढं करूनही ही माणसं वर्षानुवर्षं गप्प राहिली. गुप्त मोहीम ती गुप्तच. पलाशीच्या शाळेची सविस्तर हकिगत पुस्तकरूपानं आली ती थेट २०१९ साली. सामंत तिचे एक लेखक. त्याच वर्षी ते वारले. विचार करा, एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून हा माणूस कित्येक वर्षं मुंबईच्या गर्दीत वावरत होता. तुम्हाआम्हाला एक छोटं गुपित मधल्या सुट्टीपर्यंत राखवत नाही!

तर मित्रांनो, व्हिडिओ गेममधला कमांडो मेला तर बटण दाबलं की पुन्हा उभा राहतो. पलाशीच्या मुलांकडे तसलं बटण नव्हतं. ती शूर होती, कारण त्यांना भीती वाटत होती आणि तरी ती गेली. खरं म्हणजे त्या वयात त्यांनी परीक्षेचे पेपर लिहायला हवे होते. मरायची तयारी आहे अशा कागदावर सही करायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती. त्यांचं कौतुक करताना हेही विसरू नका.

करून पाहा

तीन लिमलेटच्या गोळ्या आणि तीन पेले पाणी घ्या. पहिली गोळी शांत पाण्यात ठेवा. दुसरी ठेवून पाणी चमच्यानं सतत ढवळा. तिसरी पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा. कुठली किती मिनिटांत विरघळते ते घड्याळ लावून टिपा. आता सांगा, वाहत्या नदीत पोहणाऱ्याला त्या रबरी आवरणाची गरज जास्त की स्थिर तळ्यात? उत्तर तुमचं तुम्हीच काढायचं. गोळ्या मात्र प्रयोग संपेपर्यंत खायच्या नाहीत हं!